ठाण्याला नदी आहे, फक्त तिला आपण खाडी म्हणतो

तुमचा प्रश्न असा होता की दोन वर्षं ठाण्यात राहूनही नदी दिसली नाही, नाशिक-सांगलीसारखा एकही घाट नाही, मग पोराच्या शाळेच्या प्रकल्पात ‘नदीकाठचं शहर’ म्हणून ठाणं लिहायचं का?

खुशाल लिहा. नदीचं नाव उल्हास. खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम, मग कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती ठाण्याच्या उशाशी येते. गंमत पुढे आहे. कल्याणच्या खालीच तिच्यात समुद्राचं पाणी शिरतं. दुर्गाडीच्या पुलावर उभे राहिलात तर ओहोटीला जलपर्णीचे पुंजके ठाण्याकडे जाताना दिसतील आणि भरती लागली की तेच पुंजके आल्या वाटेने परत. अशा पाण्याला कोण नदी म्हणेल? ठाण्यापाशी मुख्य प्रवाह कशेळी, घोडबंदरवरून वसईकडे वळतो, आणि एक चिंचोळी वाट कळव्याच्या पुलाखालून ठाणे खाडीला मिळते. या पाण्यामुळेच साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्यावर आहे तो भाग, हे बेट आहे.

म्हणून आपल्याकडे घाट नाहीत, बंदरं आहेत. कल्याण तर सातवाहनांच्या काळातलं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. ठाणं म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक. ज्याच्याकडे ठाण्याचा किल्ला त्याची साष्टी, हा हिशेब सगळ्यांना कळत होता: मराठ्यांनी १७३७ मध्ये तो पोर्तुगीजांकडून घेतला, इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात मराठ्यांकडून. (आता तिथे तुरुंग आहे, त्यामुळे पोराला आत नेता येणार नाही.) १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून कल्याणला पोचली. मग गलबतांची गरज कुणाला!

पण नदीवरची कमाई थांबली नाही, तिचं रूप बदललं. कळवा-मुंब्र्याच्या रेती बंदराचं नाव उगाच पडलेलं नाही. लहानपणी मी ‘डुबी’ने काढलेली रेती पाहिली आहे. होडीतून बांबू तळाशी रोवायचा, त्याला धरून माणूस बादलीसकट खाली जायचा, तो दिसेनासा झाला की आम्ही काठावर श्वास रोखून आकडे मोजायचो. मग बादली वर, पाठोपाठ डोकं. ठाण्याच्या कितीतरी जुन्या चाळींच्या भिंतींत ही रेती आहे. नंतर सक्शन पंप आले आणि त्यांनी काठच खाल्ले. चेंदणी कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांपाशी निवटी (चिखलातले मासे) आणि चिंबोरीचा (खेकड्यांचा) विषय काढून बघा, तासभर उठू देणार नाहीत.

आता माझ्या मते प्रकल्पात सगळ्यात वर असायला हवी ती गोष्ट. बहुतेक कोकणी नद्या उन्हाळ्यात आटतात, उल्हास मे महिन्यातही कर्जतला वाहते. का? घाटमाथ्यावर ठोकरवाडीला आंध्रा नदीवर टाटांचं धरण आहे. ती नदी खरं तर इंद्रायणीची, म्हणजे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारी. तिचं पाणी बोगदा आणि नळांमधून उलटं पश्चिमेला खाली सोडून भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होते, आणि वापरलेलं पाणी उल्हासमध्ये येतं. तेच पुढे शहाडला उचलून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पुरवलं जातं. बारवी आणि भातसा या नद्याही याच खोऱ्यातल्या. वागळे इस्टेट, बेलापूर पट्टा, डोंबिवलीचे कारखाने हे सगळं या पाण्यावर उभं राहिलं. उल्हासनगरने तर १९४९ मध्ये नावच नदीचं घेतलं, आणि वालधुनी या उपनदीतून तिला परत काय दिलं ते वासावरून कळतं.

नदीने मधूनमधून आठवणही करून दिली आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी काढावे लागले.

पोराला एका रविवारी कर्जत लोकलने न्या, पुलावरून नदी दाखवा, येताना कल्याणला उतरून दुर्गाडी. फक्त भरतीची वेळ बघून जा.