चिठ्ठीवर इस्ट्रोजेन लिहिलंय, पण तालुक्याचं मेडिकल देत नाही. काय करावं?

ताई, तुम्ही ट्रान्सजेंडर स्त्री आहात, नागपूरच्या डॉक्टरांनी इस्ट्राडिऑल व्हॅलरेट (इस्ट्रोजेनची गोळी) आणि स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम कमी करायला) लिहून दिलं आणि मेडिकलवाल्याने "ही बायकांची गोळी, पुरुषाच्या नावावर मिळत नाही" म्हणून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. मी औषधविक्रीतच आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: असा कुठलाही नियम नाही. औषध नियमांतल्या नियम 65 प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, तुमचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती गोळ्या द्यायच्या, एवढं लागतं. लिंग किंवा आजाराचं नाव लागत नाही. आधारकार्डही नाही.

अडतं ते "एकूण किती" वर, कारण डॉक्टर नुसतं 1-0-1 लिहून मोकळे होतात. शिवाय "दर महिन्याला, तीन वेळा द्यावे" असं त्यांनी लिहिलं नसेल, तर एकदा औषध दिलं की ती चिठ्ठी संपली. दरमहा नागपूरची एसटी टाळायची असेल तर एवढं वाक्य लिहून घ्याच. प्रोजिनोव्हाची, म्हणजे इस्ट्राडिऑल व्हॅलरेटच्या एका ब्रँडची, पट्टी 28 गोळ्यांची येते. दिवसाला दोन असतील तर दोन पट्ट्या पूर्ण महिना पुरत नाहीत.

पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की दुकानात माल नसतो आणि तसं कबूल करायचं नसतं. हीच गोळी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात लागते, म्हणून यवतमाळ किंवा अमरावतीला वंध्यत्वाच्या दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमध्ये विचारा. तालुक्यालाही स्टॉकिस्टकडून मागवता येते. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच चिठ्ठीचा फोटो मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. चारचौघांसमोर काउंटरवर नाव घ्यावं लागत नाही.

पैसे देण्याआधी पट्टी उलटून मागचं बारीक नाव वाचा. स्पायरोनोलॅक्टोन हृदयाच्या, लिव्हरच्या रुग्णांना देतात, त्यामुळे सहज मिळतं, पण त्याच्या जागी लॅसिलॅक्टोन हातात पडू शकतं. त्यात फ्युरोसेमाइडही असतं, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात वावरात राबणाऱ्याला चक्कर येऊन पडायला तेवढं पुरे. नुसत्या स्पायरोनोलॅक्टोननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी) तपासणी चुकवू नका.

इस्ट्राडिऑल नाही म्हणून कोणी माला-डी पुढे केली तर मुळीच घेऊ नका. त्यात एथिनिल इस्ट्राडिऑल असतं. ते वेगळं औषध आहे, आणि जास्त गोळ्या घेतल्या तर रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. बिडी-सिगारेट ओढत असाल तर आणखीच. चार दिवस खंड पडला तर डॉक्टरांना फोन करा, पण ही अदलाबदल नको. एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न बघता जिल्हा रुग्णालय गाठा.

माल असूनही नाकारलं, तर कारण लेखी मागा. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याचं कलम 3 आरोग्यसेवेत आणि लोकांसाठीच्या सेवांत असा भेदभाव करू देत नाही. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे अर्ज द्या, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, तारीख आणि दुकानाचं नाव जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.