गाडीच्या विम्यातील तपशील बदलताना प्रशासकीय शुल्क टाळता येते का?

घर बदलल्यामुळे पॉलिसीवरील पत्ता बदलायचा आहे, लवकरच मुलाचे नाव चालक म्हणून घालायचे आहे, आणि प्रत्येक बदलासाठी वेगळे प्रशासकीय शुल्क मागितले जात आहे, ते टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा ते टाळता येते, निदान दोनदा भरावे लागत नाही. विमा एजन्सीत एन्डॉर्समेंटचे, म्हणजे चालू पॉलिसीतील बदलांचे, कागद मी हाताळलेले आहेत. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रथम मागितलेल्या रकमेची फोड लेखी मागवा. फोनवर सांगितलेल्या एकाच आकड्यात जोखीम बदलल्यामुळे वाढलेला प्रीमियम, त्यावरील कर आणि कागद बदलून देण्याचे शुल्क अशा तीन रकमा मिसळलेल्या असू शकतात. प्रीमियममधील फरक सहसा उरलेल्या मुदतीपुरताच घेतला जातो. वार्षिक पॉलिसीचे तीन महिने उरले असतील, तर वर्षाला जो फरक पडला असता त्याचा साधारण चौथा हिस्सा. हा फरक कंपनीच्या दरपत्रकानुसार ठरतो, त्यामुळे तिथे घासाघीस करून फारसे हाती लागत नाही. शुल्क मात्र मुदत कितीही उरली असली तरी बहुधा तेवढेच राहते, आणि सूट मिळालीच तर ती त्यातच मिळते.

हे शुल्क नेमके कोण लावत आहे, हेही विचारा. पॉलिसी मध्यस्थामार्फत घेतली असेल, तर कंपनीचे शुल्क वेगळे आणि मध्यस्थाचे वेगळे, असे दुहेरी ओझे पडू शकते. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ग्राहकाने स्वतः केलेला बदल अनेक ठिकाणी विनाशुल्क असतो आणि तोच फोनवरून सांगितला की शुल्क लागते. म्हणून आधी लॉगिन करून पाहा. देय रक्कम दाखवणारे पान आल्याशिवाय ‘पुष्टी करा’ हे बटण दाबू नका, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. मध्यस्थाकडून घेतलेल्या काही पॉलिसींना थेट कंपनीकडे बदल करता येत नाही. तसे असेल, तर मध्यस्थाच्या शुल्कपत्रकात त्या बदलाचा दर खरोखर छापलेला आहे का, ते तपासा. पत्रकात नसलेले शुल्क भरण्याआधी त्याचा आधार लेखी विचारावा.

आपल्या बाबतीत दोन्ही बदल एकाच अर्जात देणे सोयीचे ठरेल. मुलाचे नाव घालण्याची तारीख जवळची आणि निश्चित असेल, तर ‘पत्ता आजपासून, चालक अमुक तारखेपासून’ अशी एकत्र नोंद होईल का, ते विचारा. तारीख लांब असेल, तर शुल्क वाचवण्यासाठी पत्ता मात्र अडवून ठेवू नका. गाडी रात्री कुठे उभी असते यावर जोखीम ठरवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि बदललेला पत्ता कळवला नसल्याचे कारण दाव्याच्या वेळी पुढे येऊ शकते. त्याचप्रमाणे, चालकांची नावे लिहिलेली पॉलिसी असेल, तर नाव चढेपर्यंत मुलाच्या हाती गाडी देऊ नये.

चूक कंपनीची किंवा मध्यस्थाची असेल, उदाहरणार्थ गाडीच्या क्रमांकातील एखादे अक्षर चुकीचे छापले असेल, तर दुरुस्तीचे शुल्क मान्य करू नका. मूळ प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत जोडली की वाद बहुधा तिथेच मिटतो. पॉलिसी नुकतीच घेतली असेल, तर ती परत करण्याची काही दिवसांची मुभा आहे का, ते पाहा. ब्रिटनमध्ये ही मुदत १४ दिवसांची आहे. मात्र त्या काळातही तोवर मिळालेल्या संरक्षणापुरते पैसे कापले जाऊ शकतात.

चिडून पॉलिसी रद्द करून दुसरीकडे जाण्याचा विचार असेल, तर रद्द करण्याचे शुल्क आधी पाहावे. शिवाय अर्धवट सोडलेले वर्ष नो क्लेम बोनससाठी, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीसाठी, बहुधा धरले जात नाही, आणि तो तोटा पुढच्या प्रीमियममध्ये दिसतो. नूतनीकरण जवळ आले असेल, तर कळवणे बंधनकारक नसलेले बदल, म्हणजे ऐच्छिक जादा संरक्षण काढणे वगैरे, तोवर थांबवता येतात. नव्या मुदतीच्या कागदांत ते सहसा वेगळ्या शुल्काशिवाय होतात. पैसे भरण्याआधी मात्र त्या मसुद्यात जुनीच माहिती आपोआप आलेली नाही ना, हे एकदा वाचून घ्या.