साठवलेल्या ईमेलमध्ये बदल करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीबीडी बेलापूर येथे आमचे कस्टम्स क्लिअरिंगचे कार्यालय आहे. न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रे पार्ट्या ईमेलने पाठवतात. पण विषयाच्या ओळीत बहुधा नुसते ‘डॉक्युमेंट्स’ किंवा पार्टीचे नाव एवढेच असते आणि पुढे शोधताना हाल होतात. म्हणून थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामच्या इनबॉक्सची फाइल उघडून, विषयातील पार्टीचे नाव ओळखून त्यापुढे आमचा जॉब नंबर घालणारी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली. ती काहीही तक्रार न करता चालली. मात्र आता थंडरबर्डच्या यादीत जुनेच विषय दिसतात, एका संदेशावर क्लिक केले की दुसऱ्याच संदेशाचा अर्धा मजकूर उघडतो, आणि ज्या विषयांत नाव मराठीत होते त्यांना नंबर लागलेलाच नाही. हे कसे दुरुस्त करावे?

उत्तर : आपल्याला दिसणाऱ्या तीन लक्षणांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून ती एकेक करून पाहू.

थंडरबर्ड मूळ ठेवणीनुसार एका फोल्डरमधील सर्व संदेश एकाच लांबलचक मजकूर-फाइलमध्ये एकापाठोपाठ एक लिहितो. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. त्या फाइलशेजारी त्याच नावाची, पण एमएसएफ हे शेपूट असलेली दुसरी फाइल असते. ती म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका समजा : कोणता संदेश मुख्य फाइलच्या कितव्या बाइटपासून सुरू होतो, तो किती लांब आहे, त्याचा विषय काय, हे सारे तिच्यात टिपलेले असते, आणि संदेशांची यादी दाखवताना थंडरबर्ड मुख्य फाइल न उघडता तिच्यावरच विसंबतो. पहिल्या संदेशाच्या विषयात आपण दहा अक्षरे वाढवलीत, तेव्हा त्यानंतरचा प्रत्येक संदेश दहा बाइटांनी पुढे सरकला, पण अनुक्रमणिकेत जुनेच आकडे राहिले. त्यामुळे यादी जुनी दिसते आणि मजकूर भलत्याच जागेपासून उघडतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करून फक्त ती एमएसएफ फाइल काढून टाकली, किंवा फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन ‘रिपेअर फोल्डर’ ही आज्ञा दिली, की अनुक्रमणिका नव्याने तयार होते. बिनशेपटीची मुख्य फाइल मात्र चुकूनही काढू नका, कारण सगळी पत्रे तिच्यातच आहेत.

तथापि ‘रिपेअर’ दाबण्यापूर्वी आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा, कारण येथे पुष्कळांची फसगत होते. खाते आयमॅप पद्धतीचे असेल, तर खरी पत्रे सर्व्हरवर असतात आणि आपल्या संगणकावरील फाइल ही केवळ त्यांची जवळ ठेवलेली प्रत असते. अशा खात्यात ‘रिपेअर’ केले की ती प्रत टाकून देऊन सर्व्हरवरून पुन्हा माहिती मागवली जाते आणि स्क्रिप्टने केलेले सर्व बदल पुसले जातात. आयमॅपच्या नियमांत, म्हणजे आरएफसी या इंटरनेटच्या क्रमांकित नियमपत्रकांपैकी २००३च्या आरएफसी ३५०१ मध्ये आणि २०२१च्या आरएफसी ९०५१ मध्येही, सर्व्हरवरील संदेशाचा मजकूर बदलण्याची आज्ञाच नाही. ‘वाचला’ यासारख्या खुणा बदलता येतात, मजकूर बदलता येत नाही. बदललेली प्रत नवा संदेश म्हणून चढवायची आणि जुना काढून टाकायचा, एवढाच मार्ग तेथे उपलब्ध आहे. आपल्या बाबतीत हे एका अर्थी सुदैवच ठरेल, कारण खाते आयमॅपचे असेल तर मूळ पत्रे सर्व्हरवर शाबूत असतील.

आता मराठी विषयांचे. ईमेलच्या शीर्षओळी मुळात केवळ रोमन अक्षरांसाठी आखलेल्या असल्याने इतर लिपींतील विषय १९९६च्या आरएफसी २०४७ नुसार सांकेतिक रूपात लिहिला जातो. ‘बैठकीची सूचना’ हा विषय घ्या. त्यात काना-मात्रा वेगळ्या धरून बारा देवनागरी चिन्हे आणि एक रिकामी जागा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण ३७ बाइट झाले. बाइट साध्या रोमन अक्षरांत व अंकांत लिहिण्याच्या बेस-६४ या पद्धतीत त्यांची ५२ अक्षरे होतात, आणि पुढे-मागे लागणारी लिपीची ओळखचिन्हे धरून ६४. फाइलमध्ये ही ६४ अक्षरांची अगम्य रोमन माळ असते, ‘बैठक’ हा शब्द त्यात कोठेही नसतो, त्यामुळे मराठी नाव शोधणाऱ्या स्क्रिप्टला ते सापडणे शक्यच नव्हते. शिवाय अशा एका माळेची कमाल लांबी ७५ अक्षरे ठरलेली आहे. बेस-६४ च्या हिशेबाने एका माळेत देवनागरीची फार तर पंधरा चिन्हे मावतात; त्याहून लांब मराठी विषय दोन-तीन तुकड्यांत तोडून पुढच्या ओळींवर लिहिला जातो. हे सर्व हाताने सांभाळण्याचा हट्ट धरू नका. पायथनच्या ईमेल ग्रंथालयात असा विषय उलगडण्याची आणि पुन्हा सांकेतिक रूपात बसवण्याची सोय तयारच आहे.

संदेशाच्या मजकुरालाही हेच लागू होते. मराठी मजकूर बहुधा बेस-६४ मध्ये किंवा ‘कोटेड प्रिंटेबल’ या पद्धतीने ठेवलेला असतो. या दुसऱ्या पद्धतीत ७६ अक्षरांच्या आत ओळ तोडून शेवटी बरोबरचे चिन्ह टाकले जाते, त्यामुळे इंग्रजी शब्दसुद्धा मधेच दुभंगू शकतो. त्यातच पुष्कळ पत्रांत एकच मजकूर साधा आणि एचटीएमएल (वेबपानासारखा सजवलेला) अशा दोन रूपांत असतो. एकच रूप बदलले तर वाचणाऱ्याच्या प्रोग्रामनुसार एकाला जुना आणि दुसऱ्याला नवा मजकूर दिसेल.

फाइल साधा मजकूर समजून उघडण्यात आणखी एक धोका आहे आणि आपल्या व्यवसायात तो हटकून भेटेल. एमबॉक्समध्ये नवा संदेश कोठे सुरू होतो हे ओळखण्याची खूण म्हणजे ओळीच्या आरंभी असलेला इंग्रजी ‘फ्रॉम’ हा शब्द आणि त्यानंतरची मोकळी जागा. आता आपल्या पत्रांत ‘फ्रॉम न्हावा शेवा टू जेबेल अली’ अशी ओळ रोजचीच. पत्राच्या मजकुरात ती ओळीच्या सुरुवातीस आली, तर तेथे नवे पत्र सुरू झाले असा समज होऊन एका पत्राची दोन होतील. म्हणून अशा ओळीपुढे ‘मोठे-पेक्षा’चे (>) चिन्ह घालण्याची प्रथा आहे. कोणत्याही बदलानंतर आधीची आणि नंतरची पत्रसंख्या ताडून पाहावी ती याचसाठी.

हे काम करायचेच असेल, तर माझ्या मते पुढील वाटेने करावे. प्रथम हव्या त्या पत्रांची प्रत थंडरबर्डमधील ‘लोकल फोल्डर्स’ मध्ये, म्हणजे केवळ आपल्या संगणकावर राहणाऱ्या फोल्डरांत, काढा आणि तो फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करा, कारण काढून टाकलेली पत्रे तोवर फाइलमध्येच पडून असतात, त्यांच्यावर फक्त काढल्याची खूण असते, आणि आपली स्क्रिप्ट त्यांनाही जिवंत समजेल. मग थंडरबर्ड बंद करा. पायथनच्या ‘मेलबॉक्स’ मोड्यूलने ती फाइल केवळ वाचा आणि बदललेली पत्रे दुसऱ्या, नव्या फाइलमध्ये लिहीत चला. हे मोड्यूल आपल्याला पत्राची प्रत हाती देते. तीत केलेला बदल आपोआप मूळ फाइलमध्ये उतरत नाही, तेव्हा ‘स्क्रिप्ट चालली पण काहीच बदलले नाही’ असा अनुभव आला तर कारण येथे शोधावे. दुसरी गोम अशी की, या मोड्यूलने दिलेल्या पत्राला विषय नेमून दिला की जुना विषय जात नाही, त्याच्या जोडीला नवी ओळ लागते. एका पत्रात विषयाची ओळ एकच असावी असा आरएफसी ५३२२ चा दंडक आहे, आणि दोन असल्यास कोणती दाखवायची हे प्रत्येक प्रोग्राम आपल्या मर्जीने ठरवतो. म्हणून आधी जुनी ओळ काढावी, मग नवी घालावी, आणि जुना विषय ‘एक्स-ओरिजिनल-सब्जेक्ट’ अशा वेगळ्या शीर्षओळीत जपून ठेवावा. मेसेज-आयडी (पत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक), इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस या ओळींना हात लावू नये. पत्र आणि त्याचे उत्तर यांची साखळी त्यांच्यावरच उभी असते. तयार झालेली फाइल लोकल फोल्डर्सच्या जागी, शेपूट न लावता, नव्या नावाने ठेवली की पुढच्या वेळी थंडरबर्ड तिला नवा फोल्डर म्हणून स्वीकारतो आणि अनुक्रमणिका स्वतः तयार करतो.

एवढे सविस्तर लिहूनही, आपल्या जागी मी असतो तर विषय बदलला नसता. आपली गरज शोधण्याची आहे, पत्र बदलण्याची नाही. प्रत्येक जॉबचा उपफोल्डर करता येतो. पत्रे थोडी असतील तर टॅग पुरतात. पत्रे पुष्कळ असतील, तर आपण लिहिलेली स्क्रिप्ट अर्ध्यावरच थांबवा : तिने प्रत्येक पत्राचा मेसेज-आयडी, तारीख, पाठवणारा आणि जॉब नंबर एवढे एका एक्सेल तक्त्यात उतरवावे. शिपिंग बिल कोणाकडून आणि केव्हा आले हे तक्त्यात सापडले की पत्र काढणे हा क्षणाचा खेळ आहे, आणि बिल ऑफ एंट्रीवरून पुढे वाद झाला तर मूळ पत्र जसेच्या तसे हाताशी राहते.

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या कंपनीत थंडरबर्ड नसून आउटलुक आहे. तेथेही अनुक्रमणिकेची हीच अडचण येते का?

उत्तर : येत नाही, कारण तेथे आपण फाइलला थेट हात लावत नाही. जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकमध्ये उघडलेल्या पत्राचा विषय जागच्या जागी खोडून नवा लिहिता येतो, आणि हेच काम व्हीबीएच्या, म्हणजे ऑफिसमधील अंगभूत प्रोग्रामिंग भाषेच्या, मॅक्रोने शेकडो पत्रांवर करता येते : पत्राच्या विषयाला नवे मूल्य द्यायचे आणि ‘सेव्ह’ करायचे. नोंदी आउटलुक स्वतः सांभाळतो. मात्र नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए चालत नाही, त्यामुळे कंपनी त्याकडे वळणार असेल तर मॅक्रोवर मेहनत घेण्यापूर्वी आयटी विभागाला विचारून घ्यावे. सामायिक मेलबॉक्स असल्यास एकाने बदललेला विषय सर्वांना बदललेला दिसेल, हेही सहकाऱ्यांना आधी सांगितलेले बरे.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर मार्गावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. गळतीचे फोटो आणि कंत्राटदारांची कोटेशने यांनी संस्थेची थंडरबर्डमधील पत्रपेटी इतकी फुगली आहे की बॅकअप पेनड्राइव्हवर जात नाही. पेनड्राइव्हवर जागा मात्र शिल्लक दिसते. पत्रांचा मजकूर ठेवून फक्त जोडपत्रे काढता येतील का?

उत्तर : जागा असूनही फाइल जात नसेल, तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीचा असावा, त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल ठेवताच येत नाही, आणि एमबॉक्समध्ये अख्खा फोल्डर म्हणजे एकच फाइल. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ही अडचण मिटेल; फॉरमॅट करताना त्यावरील जुने सारे पुसले जाते, एवढे लक्षात ठेवावे. वर्षवार फोल्डर केल्यानेही फायदा होईल.

जोडपत्रे काढण्याची सोय थंडरबर्डमध्येच आहे. जोडपत्रावर उजवे क्लिक केल्यास ‘डिटॅच’ आणि ‘डिलीट’ असे दोन पर्याय मिळतात; पहिला पर्याय जोडपत्र आपण सांगाल त्या ठिकाणी जतन करून मग पत्रातून काढतो, दुसरा नुसताच काढतो. सोसायटीच्या कागदपत्रांसाठी पहिलाच वापरावा. बेस-६४ मुळे जोडपत्र पत्रात मूळ आकाराच्या सुमारे एकतृतीयांशाने मोठे झालेले असते, त्यामुळे वाचणारी जागाही तेवढीच अधिक. पण काम झाल्यावर ‘कॉम्पॅक्ट’ न केल्यास फाइल रेसभरही लहान होणार नाही.

यातील एक बारकावा मला विशेष आवडतो. काढलेल्या जोडपत्राच्या जागी थंडरबर्ड गुपचूप पोकळी ठेवत नाही. तेथे बदल केल्याची आणि केव्हा केला त्याची नोंद ‘एक्स-मोझिला-ऑल्टर्ड’ या ओळीत ठेवतो, आणि जोडपत्राचे नावही दिसत राहते. पुढच्या कार्यकारिणीला निदान येथे काय होते हे तरी कळते. आपण स्वतः स्क्रिप्ट लिहून घेतलीत, तर लिहिणाऱ्याकडून अशीच नोंद अवश्य करून घ्या. आयमॅप खात्यातील पत्रातून जोडपत्र काढले की ते सर्व्हरवरूनही जाते आणि अध्यक्षांच्या वा खजिनदारांच्या मोबाइलवरही ते मिळणार नाही, तेव्हा आधी बॅकअप आणि मगच ही साफसफाई.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. एका पुरवठादाराने ईमेलमध्ये दर किलोऐवजी डझनाला लिहिला. फोनवर त्याने चूक मान्य केली आहे. लेखापालाला गोंधळ नको म्हणून साठवलेल्या पत्रात तेवढा एक शब्द मी दुरुस्त केला तर चालेल का?

उत्तर : करता येईल, पण करू नये. आपल्या संगणकावरील पत्राची फाइल बदलण्यास कोणतेही कुलूप नाही. मात्र बहुतेक मोठ्या सेवा पाठवलेल्या पत्रावर डीकेआयएम ही सांकेतिक सही करतात, आणि तिच्यात मजकुराचा ठसा सामावलेला असतो. एक शब्द बदलला की ठसा जुळत नाही, आणि पुरवठादाराकडची प्रत तर त्याच्याजवळ आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला असाच ठसा, नमूद करावे लागते. बदललेल्या पत्राचे हॅश मूळ पत्राशी जुळणार नाही आणि तुमचा हेतू कितीही सरळ असला तरी तो तेथे दिसणार नाही.

पुरवठादाराला त्याच पत्राला उत्तर देऊन दर किलोचा असल्याचे लिहायला सांगावे. नवे पत्र लिहिण्याऐवजी ‘रिप्लाय’ च करण्याचा आग्रह धरावा. त्यामुळे दुरुस्तीच्या पत्रात मूळ पत्राचा मेसेज-आयडी आपोआप नोंदला जातो आणि ‘थ्रेड’ नुसार मांडणी ठेवली तर लेखापालाला दोन्ही पत्रे एकाखाली एक दिसतात.