व्हीसी-१० फक्त ५४च का बनली?

प्रश्न असा आलाय: व्हीसी-१० हे ब्रिटिश प्रवासी जेट विमान एवढं वेगवान, एवढं देखणं, मग ते बनवणाऱ्या व्हिकर्स कंपनीने ५४ वरच हात का आखडला? विकणारे झोपले होते का?

झोपले नव्हते. विमान ज्या अडचणीसाठी बांधलं, ती अडचणच उरली नाही.

बीओएसी या ब्रिटिश सरकारी विमान कंपनीला लंडनहून नैरोबी, जोहान्सबर्ग असल्या ठिकाणी जायचं होतं. दोन्ही विमानतळ समुद्रसपाटीपासून सोळाशे-सतराशे मीटर उंच. हवा आधीच विरळ, उन्हाने आणखी पातळ. पंखाला उचल कमी, इंजिनालाही जोर कमी. मग लांब धावपट्टी लागते, आणि ती तेव्हा नव्हती. म्हणून १९५८ मध्ये बीओएसीने ३५ विमानांची मागणी नोंदवली ती या मार्गांचा विचार करूनच.

इंग्लंडात डक्सफर्डच्या संग्रहालयात एक सुपर व्हीसी-१०, म्हणजे याचीच लांब आवृत्ती, आहे. जमलं तर त्याच्या पंखाखाली जाऊन उभे राहा. वर काहीच लटकत नाही! रोल्स-रॉईसची चारही कॉनवे इंजिनं मागे शेपटीजवळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन. त्यामुळे पंखाची पुढची कड मोकळी, तिथे जवळपास टोकापर्यंत स्लॅट, मागे भलेमोठे फ्लॅप; कमी वेगातही उचल वाढवणाऱ्या या सरकत्या पट्ट्या. धावपट्टीवरून लवकर उचलतं, उतरतं ते बोइंग ७०७ पेक्षा बऱ्याच कमी वेगाने. इंजिनांचा आवाजही मागे राहतो, त्यामुळे प्रवासी खूश.

पण हे फुकटात मिळत नाही. पंखाला टांगलेलं इंजिन आपल्या वजनाने पंख खाली ओढतं, त्यामुळे उचलीने पंखाच्या मुळाशी येणारा ताण हलका होतो. इथे ती सोय नाही. मग पंख भक्कम करा, शेपटीकडचा सांगाडाही भक्कम करा. वजन वाढलं, इंधन वाढलं. २९ एप्रिल १९६४ ला लागोसची सेवा सुरू झाली, तोवर ७०७ साठी म्हणून ठिकठिकाणी धावपट्ट्या लांबवल्या जात होत्या. झालं! त्याच वर्षी बीओएसीचे नवे अध्यक्ष गाइल्स गथ्री म्हणाले, सुपर व्हीसी-१० नकोत, ७०७ द्या. सरकार मध्ये पडलं आणि ३० सुपरची मागणी १७ वर आली. घरचं गिऱ्हाईकच नाक मुरडतंय म्हटल्यावर बाहेरचं कोण घेणार?

गंमत म्हणजे एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ विमानांनाही कॉनवेच इंजिनं होती. इंजिन तेच, टांगलं कुठे यावर सगळा हिशोब फिरला.

मुंबईचा संबंध मात्र वाईट आहे. सप्टेंबर १९७० मध्ये मुंबईहून लंडनला निघालेलं सुपर व्हीसी-१० बहारीननंतर पळवलं गेलं. जॉर्डनच्या वाळवंटात ओलिसांना आधी उतरवून ते स्फोटाने उडवलं. मार्च १९७४ मध्ये मुंबई-लंडन फेरीचंच दुसरं बैरुतनंतर पळवून ॲमस्टरडॅमला जाळलं.

बीओएसीची जागा घेणाऱ्या ब्रिटिश एअरवेजने १९८१ मध्ये ही विमानं थांबवली. ब्रिटिश हवाई दलाने मात्र सप्टेंबर २०१३ पर्यंत वापरली, बरीचशी हवेत इंधन भरणारी टँकर म्हणून. इंजिनं नसलेल्या त्याच मोकळ्या पंखांखाली दोन्ही बाजूंना इंधनाच्या नळीचे पॉड बसवले होते.