वाचकांचे प्रश्न : क्लबचा परदेश दौरा

प्रश्न : आमच्या मोटारसायकल क्लबचे बारा सभासद जूनअखेरीस आल्प्सच्या दौऱ्यावर जाणार आहेत. बाईक तिथेच भाड्याने घेऊ. आम्हा सर्वांना डाव्या बाजूने चालवण्याची सवय आहे. बाराही जणांनी कायम एकमेकांच्या नजरेत राहावे, असा ज्येष्ठ सभासदांचा आग्रह आहे. तो कितपत योग्य आहे?

उत्तर : आग्रहामागची काळजी समजते, पण घाटात तो सोडून द्यावा. पुढची बाईक दिसेनाशी झाली की मागच्याचा जीव टांगणीला लागतो. मग तो स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने वळण घेतो, आणि ग्रुपमधले बरेचसे अपघात अशा गाठण्याच्या घाईतूनच होतात. बारा जणांचे सहा-सहांचे दोन गट करावेत, ते पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने निघावेत आणि दोन्ही गटांना स्वतंत्र लीड, म्हणजे सर्वांत पुढे राहून वाट दाखवणारा रायडर, व स्वतंत्र स्वीप, म्हणजे सर्वांत मागे राहणारा अनुभवी रायडर, असावा.

कोणी चुकू नये यासाठी पुष्कळ क्लब एक साधी पद्धत वापरतात. रस्ता बदलायचा असेल तिथे लीड रायडर हाताने खूण करतो आणि त्याच्या लगेच मागचा रायडर त्या तिठ्यावर, मागून येणाऱ्यांना दुरून दिसेल अशा सुरक्षित जागी थांबतो. तो बाकीच्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आल्यावर त्याच्या पुढे राहून पुन्हा गटात सामील होतो. तोपर्यंत लीडच्या मागे दुसरा कोणी आलेला असतो, आणि पुढच्या तिठ्यावर थांबण्याची पाळी त्याची असते. या पद्धतीत लीड आणि स्वीप दिवसभर बदलत नाहीत. नियम एकच, पण तो मोडता येत नाही : स्वीप दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, मग कितीही कंटाळा येवो वा पाऊस लागो. सरळ रस्त्यावर एकाआड एक अशा तिरक्या रचनेत चालवणे ठीक असते. वळणावर मात्र प्रत्येकाला आपल्या लेनची पूर्ण रुंदी लागते, म्हणून घाट सुरू होताच एकेरी रांग धरावी.

उजव्या बाजूने चालवण्याची भीती लोकांना वर्दळीत वाटते. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर असतो, कारण वर्दळीत पुढचे वाहनच आपल्याला बाजू दाखवत असते. सकाळी हॉटेलमधून निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना हात नकळत डावीकडे वळतात. अशा प्रत्येक थांब्यानंतर पहिल्या रायडरने मोठ्याने ‘उजवीकडे’ असे म्हणावे. हे पोरकट वाटेल, पण उपयोगी पडते.

दुसरी अडचण हेअरपिनची, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरवणाऱ्या तीव्र वळणांची. इटलीतील स्टेल्व्हिओ घाट 2757 मीटर उंच आहे आणि पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने चढताना त्यात 48 हेअरपिन लागतात. प्रत्येकावर क्रमांकाचा फलक असून पायथ्याशी 48 आणि माथ्याशी 1 अशी उलटी मोजणी चालते. यातील चढाची उजवी वळणे तुम्हाला जड जातील, कारण उजव्या बाजूने चालवताना वळणाची आतली, अरुंद आणि अधिक चढाची कड आपल्या वाट्याला येते. लगेजने भरलेली बाईक तिथे बंद पडली की कलंडतेच. म्हणून वळणाआधीच पहिला गिअर टाकावा, क्लच किंचित ओढलेला ठेवावा, वेग आवरायला मागचा ब्रेक वापरावा आणि नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या पलीकडच्या तोंडावर ठेवावी. वरून बस येताना दिसली तर वळणात शिरूच नये, अलीकडे थांबून तिला जाऊ द्यावे. स्टेल्व्हिओ पहिल्याच दिवशी ठेवू नका, आधी एक-दोन सौम्य घाट होऊ द्या.

घाटातील दिवस दोन-अडीचशे किलोमीटरपेक्षा मोठा आखू नये, आणि पेट्रोलचे थांबे ज्याची टाकी सर्वांत लहान आहे त्याच्या हिशेबाने ठरवावेत. उंच घाट साधारणपणे जून ते ऑक्टोबर खुले असतात, तरी बर्फ रेंगाळला तर जूनमध्येही एखादा बंद सापडतो, म्हणून प्रत्येक दिवसासाठी पर्यायी मार्ग हाताशी असावा.

प्रश्न : कागदपत्रांची जबाबदारी क्लबने घ्यावी का?

उत्तर : क्लबने यादी द्यावी, जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच देशात काढावा लागतो, त्यावर मोटारसायकलीच्या वर्गाची नोंद हवी, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर तो चालत नाही. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, हे दौऱ्याला जोडून सुटी काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. प्रवास विम्यातील बारीक अक्षरे मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावीत. पुष्कळ पॉलिसींमध्ये ठरावीक सीसीपेक्षा मोठी बाईक चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलेला नसतो. भाड्याची बाईक ताब्यात घेताना टाकी, लिव्हर, आरसे आणि पॅनियर (बाजूला लावलेल्या सामानाच्या पेट्या) यांवरील प्रत्येक ओरखड्याचे फोटो देणाऱ्यासमोरच काढावेत. नुकसानीचा भार ज्याच्या नावावर करार आहे त्याने उचलायचा की सर्वांनी वाटून घ्यायचा, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवा. परतल्यावर हा विषय निघाला की मैत्रीची परीक्षा होते.

प्रश्न : मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची स्वतःची बाईक नेली तर चालेल का?

उत्तर : सर्वत्र नाही. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताच्या रॉइटे जिल्ह्यात काही लोकप्रिय रस्त्यांवर 2020 पासून उन्हाळी मोसमात, उभ्या स्थितीतला आवाज 95 डेसिबलहून अधिक असलेल्या मोटारसायकलींना बंदी आहे. इथे नोंदणीपत्रातील आकडा पाहिला जातो, त्यामुळे ‘मी हळूच चालवत होतो’ ही सबब चालत नाही. आपल्या कागदावर हा आकडा 95 च्या वर असेल, तर तो भाग मार्गातून वगळावा किंवा तेवढ्यापुरती दुसरी बाईक भाड्याने घ्यावी.