कमानी तशाच, उतारू नाहीत

प्रश्न : मुलाकडे न्यूयॉर्कला गेलो असता, ६ क्रमांकाची मेट्रो शेवटच्या स्थानकापुढे वळसा घेत असताना, फरशांच्या कमानींचे एक निर्मनुष्य स्थानक खिडकीतून क्षणभर दिसले. पुण्यात परतल्यावर सिव्हिल कोर्टच्या भुयारी स्थानकात वरून उतरणारा उजेड पाहताना त्याची पुन्हा आठवण झाली. इतके देखणे स्थानक बंद का केले असावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपण पाहिलेत ते ‘सिटी हॉल’ स्थानक. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी न्यूयॉर्कचा पहिला भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला, तेव्हा महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी पहिली गाडी येथूनच हाकली. (गाडी सुरू करून त्यांनी ती चालकाच्या हाती द्यावी, अशी अपेक्षा होती, पण महापौरांचा हात काही सुटेना आणि १०३व्या रस्त्यापर्यंत तेच गाडी चालवत राहिले.) महापालिकेच्या दारातले स्थानक म्हणून त्याच्या सजावटीत हात आखडता घेतला गेला नाही. स्पेनहून आलेल्या गुआस्ताविनो घराण्याच्या पद्धतीने, पातळ फरशांचे थर सांधे चुकवून एकमेकांवर चिकटवत, या कमानी उभारल्या आहेत. भार वाहतो तो त्या फरशांचाच पातळ कवचासारखा घुमट. छतातल्या काचांमधून दिवसाचा उजेड खाली येई. दुसऱ्या महायुद्धात त्या काचा काळ्या करण्यात आल्या.

स्थानकाला नडला तो आपण म्हणता तोच वळसा. ताटाच्या काठाला आतून सरळ पट्टी लावून पाहावी : पट्टीची टोके काठाला टेकतात आणि मध्ये फट राहते. फलाट हा तो काठ आणि डबा ही ती पट्टी. सुरुवातीच्या डब्यांना दारे दोन्ही टोकांनाच असल्यामुळे त्या फटीची अडचण जाणवली नाही. पुढे गर्दी वाढली, डब्यांना मधले दार आले, आणि त्या दारातून फलाटावर पाय टाकणे धोक्याचे झाले. गाड्याही लांबल्या, पण एवढ्या आखूड वळणावरचा फलाट वाढवणे सोपे नव्हते. शिवाय हाकेच्या अंतरावर ब्रुकलिन ब्रिज स्थानक होते आणि तेथे जलद गाड्याही थांबत, त्यामुळे सिटी हॉलला दिवसाकाठी जेमतेम ६०० उतारू येत. एवढ्यांसाठी मोठा खर्च कोण करणार? ३१ डिसेंबर १९४५ रोजी स्थानक बंद झाले. माझ्या मते निर्णय योग्यच होता. रुखरुख लागते ती मूळ आखणीची. आज नव्या मेट्रोचे फलाट शक्य तेथे सरळ ठेवतात, त्यामागे हेच गणित आहे.

रूळ मात्र वापरात राहिले, कारण ६ क्रमांकाच्या गाड्यांना परतीसाठी तो वळसा लागतोच. १९९०च्या दशकात येथे न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम या वाहतूक संग्रहालयाचा विस्तार करण्याचा बेत होता; परंतु वर महापालिकेची इमारत असल्याने सुरक्षेच्या कारणावरून तो सोडून द्यावा लागला. हे म्युझियम आपल्या सभासदांसाठी येथे मार्गदर्शित फेऱ्या काढते. पुढच्या खेपेला मुलाला आधी सभासद व्हायला सांगावे. गाडीतूनच पाहायचे झाल्यास ब्रुकलिन ब्रिजनंतर उजव्या हाताची खिडकी धरावी.