‘सकृद्दर्शनी’ म्हणजे नेमके किती पाहून?

एका वाचकाने विचारले आहे की, फौजदारी न्यायालयाच्या आदेशात ‘सकृद्दर्शनी गुन्हा दिसून येतो, सबब आरोपीविरुद्ध आदेशिका काढावी’ असे वाक्य असते. (आदेशिका म्हणजे आरोपीला न्यायालयात बोलावणारे समन्स किंवा वॉरंट.) त्यातला ‘सकृद्दर्शनी’ आणि वर्तमानपत्रांतला ‘प्रथमदर्शनी’ हे एकच का, आणि असे म्हटल्यावर गुन्हा शाबीत झाला असे समजायचे का?

गुन्हा शाबीत झाला असे मुळीच समजू नये. ‘सकृत्’ म्हणजे ‘एकवार’. पुढे ‘दर्शन’ आल्यावर त्-चा द् होतो, म्हणून ‘सकृद्दर्शनी’ हे रूप शुद्ध, आणि सर्रास लिहिले जाणारे ‘सकृतदर्शनी’ हे संधी न केलेले. कायद्याच्या भाषेत ‘प्रथमदर्शनी’चा अर्थ तोच आहे. तरीही मी ‘सकृद्दर्शनी’ पसंत करतो, कारण ‘प्रथमदर्शनी माणूस बरा वाटला’ या बोलण्यात जो वरवरचेपणा आहे, तो न्यायालयाच्या पाहण्यात अभिप्रेत नाही. समोरचे कागद आणि जबाब तूर्त खरे धरले, तर कायद्याने सांगितलेले गुन्ह्याचे घटक त्यांतून निघतात का, एवढेच तेथे पाहायचे असते. साक्षीदार खोटे बोलतो की खरे, हा प्रश्न उलटतपासणीनंतरचा.

खरी अडचण पुढे आहे. हा शब्द निष्कर्ष सांगतो, कारण सांगत नाही. कोणी दागिने सांभाळायला दिले आणि घेणाऱ्याने परस्पर गहाण टाकले, अशी खाजगी, म्हणजे थेट न्यायालयात केलेली, फिर्याद आहे असे समजा. ‘फिर्याद व जबाब वाचला, सकृद्दर्शनी गुन्हा दिसतो’ एवढ्यावर थांबलेल्या आदेशातून न्यायदंडाधिकाऱ्याने काय पाहिले ते कळत नाही. ‘दागिने ठेवायला दिल्याचे फिर्यादीने शपथेवर सांगितले आहे, ते परत मागितल्याची नोटीस आरोपीला पोहोचल्याची पोच दाखल आहे, गहाणाची पावती आरोपीच्या नावाची आहे’ अशी तीन वाक्ये आली की त्याच शब्दाला आधार मिळतो.

मग अशी कारणे लिहिणे बंधनकारक आहे का? येथे कायद्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२६ नुसार फिर्याद फेटाळताना कारणे थोडक्यात नोंदवावी लागतात. कलम २२७ नुसार आदेशिका काढताना मात्र ‘पुरेसे कारण आहे’ असे मत झाले की पुरे. सत्र न्यायालयातही आरोपीला दोषारोप (ज्यांवर खटला चालायचा ते आरोप) न ठेवता सोडायचे तर कारणे लिहायची, दोषारोप ठेवायचे तर तसे बंधन नाही. जुन्या १९७३ च्या संहितेतही असेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये, दोषारोप ठेवताना आणि आदेशिका काढतानाही सविस्तर कारणांची गरज नाही असे सांगितले. प्रत्येक टप्प्यावर लांबलचक आदेश लिहीत बसल्यास खटले रखडतील ही चिंता त्यामागे होती, आणि ती रास्त आहे.

पण त्याच न्यायालयाने १९९७ च्या पेप्सी फूड्स प्रकरणात बजावले होते की आरोपीला फौजदारी खटल्यात बोलावणे ही गंभीर बाब आहे, ती सवयीने करायची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातून गेलेल्या औषधविषयक एका प्रकरणात २०२२ मध्ये त्याने सांगितले की तपशीलवार कारणे नसली तरी चालतील, पण मत कशावरून बनले हे आदेशातच दिसले पाहिजे. मला हाच अर्थ शब्दाशी प्रामाणिक वाटतो. ज्याला तारखांना हेलपाटे घालायचे आहेत, जामीन द्यायचा आहे, त्याला न्यायालयाने काय पाहिले हे कळायलाच हवे. नव्या संहितेच्या कलम २२३ नुसार फिर्यादीवरून गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्याने काही मांडल्यावर त्याचे उत्तर केवळ ‘सकृद्दर्शनी’ या एका शब्दात देणे अधिकच अपुरे ठरेल.

वाचकाचा गैरसमज होतो त्यामागे आणखी एक शब्द आहे: ‘आरोप निश्चित’. ‘निश्चित’चा रोजचा अर्थ ‘पक्के, खात्रीचे’ असल्यामुळे मथळा वाचणाऱ्याला आरोप खरे ठरले असे वाटते; प्रत्यक्षात कोणत्या आरोपांवर खटला चालायचा एवढेच ठरलेले असते. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘दोषारोप ठेवणे’ हा नेमका प्रयोग आहे, आणि बातमीतही तोच वापरावा असे मी सुचवीन.